बाप प्यायचा म्हणून पोरगाही पिणारच का?

पळसफूल
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात राहते, अंगणवाडीत काम करते. इथे सगळ्यांचं वाचते, लिहिते कमी. आज मात्र विचारायचंच आहे.

माझे यजमान दारूने गेले. शेवटी लिव्हर गेलं होतं, पोटात पाणी व्हायचं. सासरे प्यायचे, मोठे दीर अजूनही पितात. मुलगी पदवीला आहे, मुलगा यंदा दहावीला. मुलीला वणीकडचं एक स्थळ आलं होतं. बघून गेले, सगळं जवळपास जुळलंच होतं, आणि मग मध्यस्थाकडून निरोप आला की पोरगी चांगली आहे, पण घराण्यात पिणं आहे, रक्त शेवटी रक्तच असते. माझी पोरगी दारूच्या वासालाही उभी राहत नाही, तरी हा शिक्का तिच्यावर.

ते मी गिळलं. मुलाचं मात्र गिळवत नाही. "बापावर गेला" हे तो लहानपणापासून ऐकतो आहे. आधी नाकाडोळ्यांवरून म्हणायचे, आता रागावरून म्हणतात. मागे त्याच्या दप्तरात खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी सापडली. मी ओरडले नाही, जवळ बसवून विचारलं. तो म्हणाला, "आई, सगळेच म्हणतात माझ्या रक्तात आहे. आज नाही तर उद्या होणारच. मग आता आवरून फायदा काय?"

अंगणवाडीत मी बायांना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची माहिती देते. वाहक कोण, पीडित कोण, लग्नाआधी तपासणी का करायची, सगळं सांगते. व्यसनाचंही तसंच असतं का? वाहक, पीडित असं काही? माझ्या मुलाचं रक्त तपासून कळेल का? जाणकारांनी खरं काय ते सांगावं. मला धीर देण्यापुरतं गोड बोलू नका.


जनुकवाचक
शनिवार, रात्री ११.१५

पळसफूल ताई, मी नागपूरला कॉलेजात जनुकशास्त्र शिकवतो, मूळचा मारेगावचा. तुम्ही सिकलसेल शिकवता म्हणून तिथूनच सुरू करतो.

सिकलसेल होतो तो एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात पीडित मूल होण्याची शक्यता २५ टक्के. गणित पक्कं, तपासणी पक्की. व्यसनाचं तसं नाही. त्याला वाहक नसतो, पीडित नसतो, आणि जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत रक्त देऊन 'हा पोरगा पिणार का' ते कळत नाही. पैसे घेऊन तसं सांगतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

१९९० मध्ये अमेरिकेत मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा दारूच्या व्यसनाशी संबंध असल्याचा शोध छापून आला होता. दारूचं जनुक सापडलं म्हणून केवढा गाजावाजा झाला. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा त्या जनुकाला तेवढा मान देण्यासारखं काही उरलं नाही. आजचं चित्र वेगळं आहे. २०२१ मध्ये सुमारे १५ लाख लोकांच्या डीएनएवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या दारूचा नाही. तंबाखू, गांजा, चंचलपणा, धोका पत्करण्याची ओढ, असं सगळं ज्या एका 'आवर न घालता येण्याच्या' स्वभावाशी जोडलेलं आहे, त्याचा. डीएनएवर ५७९ जागा निघाल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी कणभर. साऱ्या जागांची बेरीज केली तरी माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण दहावा हिस्सा उलगडतो, आणि तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. आपल्याकडच्या कोलाम, गोंड, बंजारा, कुणबी, बौद्ध घरांतल्या पोरांना ते माप जसंच्या तसं लागू पडत नाही.

म्हणजे रक्ताचा संबंधच नाही का? आहे, आणि तो लपवणार नाही, कारण तुम्ही गोड बोलू नका म्हणालात. डेन्मार्कमध्ये १९७३ साली एक अभ्यास झाला. दारूच्या विकाराच्या आईबापांची मुलं, जी तान्ही असतानाच दुसऱ्या घरी दत्तक गेली होती, ती मोठी झाल्यावर तपासली. त्यांच्यातल्या १८ टक्के पुरुषांना दारूचा विकार जडला होता. ज्यांचे जन्मदाते पिणारे नव्हते अशा दत्तक मुलांत हेच प्रमाण ५ टक्के होतं. बापाला पिताना पाहिलं नाही, तरी फरक पडला. जुळ्यांवरच्या अभ्यासांतूनही तेच येतं. दारूच्या विकारात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण अर्धा वाटा जनुकांतल्या फरकाकडे जातो.

आता इथेच लोक घसरतात. अर्धा वाटा म्हणजे तुमच्या मुलाला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के, असं मुळीच नाही. तो आकडा समाजातल्या फरकाचा आहे, एका माणसाचा नाही. डेन्मार्कचाच आकडा उलट्या बाजूने वाचा. रक्त तेच असूनही शंभरातली ८० हून जास्त मुलं त्या विकारात सापडली नाहीत.

वारशाने काय येतं त्यावर उद्या सविस्तर लिहितो. तुमच्या मुलीला नाकारणाऱ्या लोकांनी विज्ञानाचा आधार घेतलेला नाही, एवढं आजच सांगतो.


स्पष्टवक्ता_अकोट
रविवार, सकाळी ७.०५

ताईंबद्दल पूर्ण सहानुभूती. पण जनुकं, डोपामाइन हे ऐकलं की माझं डोकं तापतं. आमच्या गावात अशाने दारुड्यांना सबब मिळते. "माझ्या रक्तातच आहे, मी काय करू?" म्हणत बायकोचं मंगळसूत्र विकणारे मी पाहिले आहेत. कापसाचा चुकारा हातात आला की आधी भट्टीकडे. पिणं ही मनाची कमजोरी आहे. इच्छाशक्ती असली तर माणूस सोडतो. माझ्या मामाने एका दिवसात सोडली, कोणाचंही जनुक न तपासता.


रिसोडचा_गडी
रविवार, सकाळी ८.३०

अकोटवाले भाऊ, मी पिणारा होतो. आता नाही पीत, बरेच वर्स झाले. मले तुमचा राग कळते, कारण माह्या बायकोले तोच राग होता.

पण एक सांगतो. मी काही कमजोर नव्हतो. उन्हात दिवसभर वखर हाणणारा माणूस. शब्द दिला तं पाळणारा, एक दारू सोडून. सकाळी लेकराच्या डोक्यावर हात ठेऊन शपथ घ्यायची, अन् दिवस बुडाला की पाय आपोआप तिकडे. शपथ खोटी नव्हती. सकाळचा माणूस खरा होता, संध्याकाळचा त्याचं ऐकत नव्हता.

माह्या घरात बाप, आजा, काका, सगळे पिणारे. अन् लहानपणी मले एकाच गोष्टीचा गर्व होता, "आपल्याले चढतच नाही." दोस्त दोन पेल्यांत आडवे व्हायचे, मी त्याईले घरी पोचवायचो. सगळे म्हणायचे, वाघ आहे बाप्पा. जनुकवाचक सर, याचा काही संबंध असते काय?

अन् सबबीचं म्हणाल तं, माह्यासारख्याले सबब बारा महिने भेटते. पाणी आलं तं पेतो, नाही आलं तं पेतो. रक्ताची सबब काढून टाकली म्हणून कोणाची सुटली, असं मी तं पाह्यलं नाही.


जनुकवाचक
रविवार, दुपारी १२.५०

रिसोडचे दादा, तुमच्या प्रश्नासाठी आभार. कालचं अर्धं राहिलेलं उत्तर त्यातच आहे.

दारूची तहान वारशाने येत नाही. येतात त्या दोन-तीन साध्या गोष्टी. पहिली म्हणजे दारू शरीरात कशी जिरते. यकृतात तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं, मग दुसरं विकर (एन्झाइम) त्याचा निकाल लावतं. चीन, जपान, कोरियातल्या बऱ्याच लोकांत हे दुसरं विकर जनुकीय बदलामुळे कमजोर असतं. दोन घोट घेतले की तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. अशा लोकांत दारूचं व्यसन खूपच कमी. ही आयती मिळालेली राखण आपल्या भागात क्वचितच कोणाकडे असते.

दुसरी गोष्ट नेमकी तुमची. अमेरिकेत मार्क शुकिट यांनी १९७८ पासून शेकडो तरुणांचा मागोवा घेतला. काहींचे वडील दारूचे व्यसनी, काहींचे नाही. सगळ्यांना मोजून सारखीच दारू दिली आणि किती चढते ते पाहिलं. व्यसनी बापांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना कमी चढली. दहाएक वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा ज्यांना कमी चढत होती त्यांच्यात दारूचा विकार कितीतरी जास्त निघाला. कारण सरळ आहे. इतरांना शरीर 'पुरे' म्हणून थांबवतं, याला थांबवत नाही. मग तो जास्त पितो, जास्त पिणाऱ्यांत बसतो, शरीर आणखी सरावतं. गावात ज्याला वाघ म्हणतात त्याच्यावर खरं तर सर्वांत आधी लक्ष ठेवायला हवं. पळसफूल ताई, मुलाला हे नक्की सांगा. "मला चढत नाही" ही अभिमानाची गोष्ट नाही, धोक्याची खूण आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आवर. हातातलं टाकून थांबता येणं, राग गिळता येणं, आजचं सुख उद्यावर ढकलता येणं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अजूनही पाठपुरावा चालू आहे. ३ ते ११ वयात त्यांचा आवर मोजला होता. ३२ व्या वर्षी पाहिलं तर लहानपणी ज्यांचा आवर कमी, त्यांच्यात व्यसन जास्त, कर्ज जास्त, तब्येत वाईट. हुशारी आणि घरची परिस्थिती बाजूला काढूनही हे दिसलं. आवरातल्या फरकालाही जनुकांचा मोठा वाटा आहे. पण त्याच अभ्यासात काही मुलांचा आवर वाढत्या वयात सुधारला, आणि ती मुलं लहानपणच्या अंदाजापेक्षा चांगली निघाली. आवराचं काम पाहणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. दहावीतल्या पोराचं तर ते घडणं अजून चालूच असतं.

अकोटचे दादा, इच्छाशक्ती तुम्ही म्हणता ती खरी आहे. ती सगळ्यांना सारखी मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं. काहींचं वावर उताराचं असतं, काहींचं सपाट. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, माती एकाचीच वाहून जाते. उताराचं वावर वाट्याला आलं म्हणून शेतकरी नापास होत नाही, पण बांध त्याला आधी घालावे लागतात. तुमच्या मामांनी एका दिवसात सोडली याचा मला मनापासून आनंद आहे. सगळ्यांना तसं का जमत नाही, हा प्रश्न तरीही उरतोच.


स्पष्टवक्ता_अकोट
रविवार, दुपारी ३.२०

बांधाचं पटलं. पण मग जबाबदारी कोणाची? उतार आहे म्हणून मोकळा सोडायचा का?


रिसोडचा_गडी
रविवार, दुपारी ३.४५

जबाबदारी ज्याची त्याचीच, भाऊ. मी चोरलेले पैसे मीच परत केले, कोण्या जनुकाने नाही. पण माह्या पोराले मी, तो बारा वर्षांचा असतानाच, सांगून ठेवलं, आपल्या घरात हे आहे, तुले इतरांपेक्षा जास्त जपा लागन. माह्या बापाने मले हे सांगितलं असतं तं बरं झालं असतं. त्यानं तं पोळ्याच्या करीले स्वतःच्या हाताने पेला दिला.


इंद्रावतीकाठ
रविवार, रात्री ८.१०

मी गडचिरोलीत भामरागडकडच्या भागात काम करते, स्वतः गोंड घरातली आहे. एक गोष्ट आधी बोलते. 'आदिवासींच्या रक्तात दारू' हे वाक्य आम्ही पिढ्यान्पिढ्या ऐकतो. ऑफिसांत, बसमध्ये, कधी पाठ्यपुस्तकासारखं तोंडावर. मोहाची फुलं आमच्या पूजेत आहेत, जन्मापासून मातीपर्यंतच्या विधींत आहेत. देवाला थेंब वाहायचा, मोठ्यांनी घ्यायचा, सगळ्यांसमोर. त्याला वेळ होती, जागा होती, माणसं होती. विकायला भट्टी लावणं, त्यात नवसागर घालणं, रोज संध्याकाळी मजुरी संपवणं, हे रक्तातून आलेलं नाही. ते बाजारातून आलं.

आमच्या जिल्ह्यात १९९३ ला दारूबंदी झाली. ती वरून आली नव्हती. डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था, गावोगावच्या बाया, ग्रामसभा, या सगळ्यांनी काही वर्षं मागे लागून ती आणली. २०१६ पासून मुक्तिपथ अभियान चालू आहे, ते दारू आणि तंबाखू दोन्हींवर काम करतं. शेजारी चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. बंदी असून चोरून येतेच, मग उपयोग काय, असं लोक म्हणतात. मी गावागणिक फरक पाहते. जिथे बाया एकत्र राहतात आणि गावातली विक्री बंद ठेवतात, तिथे पोरांना दारूसाठी वाट वाकडी करावी लागते. जिथे घराशेजारीच मिळते, तिथे चौदा-पंधराची पोरं हाताशी लागतात. पोरं तीच, रक्त तेच.

जनुकवाचक सर, यावर विज्ञान काही म्हणतं का?


जनुकवाचक
रविवार, रात्री ९.५५

इंद्रावती ताई, म्हणतं, आणि तुमच्याच बाजूने म्हणतं.

फिनलंडमध्ये किशोरवयीन जुळ्यांवर मोठा अभ्यास झाला. जिथे वस्ती स्थिर, येणं-जाणं कमी, दारूची विक्री कमी, अशा भागांत मुलांच्या पिण्यावर जनुकांचा प्रभाव कमी दिसला. जिथे दारू सहज मिळते, तरुणांची गर्दी आहे, लोक सतत येतात-जातात, तिथे तोच प्रभाव वाढला. नेदरलँड्समधल्या जुळ्यांच्या अभ्यासात धार्मिक वळणाच्या घरांत वाढलेल्यांमध्येही जनुकांचा प्रभाव कमी आढळला. आपल्याकडे माळकरी घरं किंवा गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत वाढलेली पोरं डोळ्यांसमोर आणा. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज गावोगाव दारूविरुद्ध बोलत फिरले तेव्हा त्यांच्याकडे डीएनए नव्हता, पण त्यांचा हात बरोबर जागी होता. आसपासचं वातावरण घट्ट असलं की वारशाला डोकं वर काढायला जागा मिळत नाही.

दुसरं उदाहरण व्हिएतनाम युद्धाचं. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचांत एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार घाबरलं. ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तर त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. मायदेशी परतल्यावर त्यांची जनुकं बदलली नव्हती. जागा बदलली, सोबत बदलली, माल मिळणं अवघड झालं.

आणि 'आदिवासींच्या रक्तात' या वाक्याला माझ्या विषयात काडीचाही आधार नाही. ते वर्गातही मी असंच सांगतो.

भारतातल्या मुलांवरचं काम आता कुठे उभं राहतं आहे. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने ब्रिटिश संशोधकांसोबत २०१६ पासून सात ठिकाणी ६ ते २३ वयोगटातल्या हजारो मुलांचा अभ्यास चालवला आहे. व्यसन आणि आवर यांच्या मुळाशी आपल्या मुलांत काय आहे, हाच त्याचा विषय. पोषण, गरिबी, शिशासारखी विषारी द्रव्यं, बालपणी सोसलेला त्रास, सगळं मोजतात. विदर्भातलं गाव त्यात असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.


खडूफळा
सोमवार, सकाळी ६.२०

मी गोंदिया जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक. शाळेत जायच्या आधी थोडं लिहितो.

आवर शिकवता येतो का, हा माझ्या कामाचा प्रश्न आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या सरकारी शाळांत १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत एक खेळ सुरू केला होता. वर्गाचे गट करायचे, ठरलेल्या वेळात सगळ्या गटाने नियम पाळले तर गट जिंकतो. एकट्याला शाबासकी नाही, गटाला. सुरुवातीला दहा मिनिटं, मग हळूहळू वेळ वाढवायचा. एवढंच. ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिलं तर खेळ खेळलेल्या मुलग्यांत व्यसनाचं प्रमाण कमी होतं. सर्वांत जास्त फायदा कोणाला? पहिलीत जे सर्वांत दांडगट होते त्यांना. मी माझ्या वर्गात हे करतो. पैसा लागत नाही, फळ्याचा एक कोपरा लागतो.

आणखी एक, कारण पिणाऱ्या घरांतली मुलं माझ्यासमोर रोज बसतात. अमेरिकेतल्या रोचेस्टरला लहान मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. आता एक गोड खा, की थोडं थांबून दोन खा, हा जुना प्रयोग आहेच. यांनी त्यात आधी एक पायरी घातली. काही मुलांना मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि आणले नाहीत. काहींना शब्दाप्रमाणे आणून दिले. मग गोडाची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द मोडला होता ती मुलं फार थोडा वेळ थांबली. मला हे वाचून गलबलून आलं. बाप बाजारातून पेन आणतो म्हणून जातो आणि पिऊन येतो, पन्नास वेळा. ते पोरगं उद्याच्या दोनसाठी का थांबेल? त्याने थांबायचं सोडलं ते शहाणपणाने सोडलं. अशा पोराला आवर शिकवायचा तर आधी कोणीतरी एका मोठ्या माणसाने त्याला दिलेला शब्द पाळायला लागतो. दरवेळी. मामा असो, आजी असो, मास्तर असो.


कन्हानची_लेक
सोमवार, सकाळी ११.००

मधेच विचारते. माझे भाऊ पितात. भाजीत न कळत टाकायची पावडर मिळते, दारू आपोआप सुटते, असं मैत्रिणीने सांगितलं. वहिनी आणायची म्हणत आहे. आणावी का?


मनोवैद्य
सोमवार, दुपारी २.३०

कन्हान ताई, आणू नका. म्हणूनच मी सगळी कामं सोडून लिहितो आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ, विदर्भातल्याच एका जिल्ह्याच्या ठिकाणी.

अशा पावडरींमध्ये बरेचदा काय असतं ते सांगता येत नाही, आणि डायसल्फिरम असेल तर जास्तच धोका. जनुकवाचकांनी वर पूर्व आशियातल्या लोकांचं जे विकर सांगितलं ना, तेच विकर हे औषध बंद पाडतं. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. ज्याचं हृदय किंवा यकृत आधीच खराब आहे त्याचा जीवही जाऊ शकतो. हे औषध आम्ही देतो, पण माणसाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीने. त्याला माहीत असतं की आज गोळी घेतली म्हणजे दारूला हात लावायचा नाही, आणि त्या माहितीतच औषधाचा उपयोग आहे. चोरून दिलेलं औषध विषबाधेसारखं वागतं. नाल्ट्रेक्सोनसारखी ओढ कमी करणारी वेगळी औषधंही आहेत.

दुसरी गोष्ट, अकोटच्या दादांच्या मामांच्या संदर्भात. एका दिवसात सोडणं काहींना झेपतं. पण जो वर्षानुवर्षं सकाळपासून पितो, ज्याचे हात न पिता थरथरतात, त्याला घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस आपल्याच लोकांना ओळखत नाही. गावात त्याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि पेशंट हातचा जातो. ही तातडीची आजारपणाची अवस्था आहे, दवाखान्यात न्या. तिथे ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि झटके रोखणारी औषधं दिली की बहुतेक जण आठवडाभरात सावरतात.

देशपातळीवरच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी आली, आणि उपचाराची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी. उपचारापर्यंत पोचणारे फार थोडे. पोचत नाहीत त्याला रक्ताचा विचारही कारण आहे. "आमच्या घराण्यातच आहे, डॉक्टर काय करणार?" असं पत्नीच मला सांगते. मधुमेहही घराण्यात असतो, तरी त्याची गोळी रोज घेतोच ना आपण.


पळसफूल
सोमवार, रात्री १०.०५

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, काय बोलू. मी सगळं मुलाला वाचायला दिलं, मधे एक शब्द बोलले नाही. १८ टक्क्यांचं त्याने दोनदा वाचलं. मग रिसोडच्या दादांचं वाचून म्हणाला, "आई, बाबांनाही चढायची नाही ना?" खरंच नाही चढायची. त्यांचे मित्र तेच सांगायचे कौतुकाने.

आता माझे दोन प्रश्न. एक, खर्ऱ्याचं काय? तो म्हणतो रोज नाही, मित्रांसोबत कधीतरी. दुसरा, दीर सणाला पोरांना बसवून थोडी देतात, घरात पितील तर बाहेर बिघडणार नाहीत म्हणून. मला ते आवडत नाही पण कारण सांगता येत नव्हतं.


मनोवैद्य
सोमवार, रात्री ११.२०

ताई, दुसऱ्याचं आधी. दिरांना सांगा, अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत ज्यांनी १५ च्या आत पिणं सुरू केलं त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के पुढे कधीतरी व्यसनात गेले, आणि २० नंतर सुरू करणाऱ्यांत साधारण १० टक्के. यात लवकर पिणाऱ्यांचा स्वभावच मुळात वेगळा असतो हाही भाग आहे, पण ज्या घरात वारसा आहे तिथे पहिला पेला जितका लांब जाईल तितकं चांगलं. पंचविशीपर्यंत गेला तर उत्तम. महाराष्ट्रात कडक दारूसाठी कायद्याचं वयही २५ च आहे. आणि डॉक्टरने सांगितलं नसताना लहान मुलाला दारू किंवा तंबाखू देणं हा बालन्याय कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दिरांना धमकावायला नाही, पण हे माहीत असू द्या.

खर्ऱ्याला हलकं घेऊ नका. आपल्याकडे दारूवर सगळे बोलतात, खर्रा मात्र पाहुण्यासमोरही घोटला जातो. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतं, त्यांची जनुकं माणसागणिक वेगळी असतात. २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरची अशी एक जागा सिगारेट ओढणाऱ्यांत सापडली. तिथे बदल असलेले लोक जास्त ओढतात. त्यामुळे 'मित्रांना कधीतरी पुरतं, मग मलाही पुरेल' हा हिशेब प्रत्येकाला लागू होत नाही. शिवाय खर्ऱ्यात सुपारी आहे, आणि सुपारी एकटीही कॅन्सर करते. तोंड उघडायला त्रास, तिखट झोंबणं, गालाच्या आत पांढरट कडकपणा, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. आरशासमोर त्याला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा, जात नसतील तर थांबू नका. त्याचा माल कुठून येतो तेही बघा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि १८ खालच्यांना विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे.

तो आता 'कधीतरी' वर आहे, म्हणजे सोडायला सर्वांत सोपी वेळ हीच. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे. व्यसनासाठी १४४४६. मन उदास असेल, झोप नसेल, वडिलांचं आठवून त्रास होत असेल तर टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलतात. बाप गेलेल्या पोराचं दुःख खर्ऱ्याखाली दडलेलं असतं कधीकधी, ते विचारायला विसरू नका.


जनुकवाचक
मंगळवार, सकाळी ८.४०

ताई, मुलाला माझ्याकडून एक प्रयोग सांगा. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना त्यांचा म्हणून जनुकीय अहवाल दिला, पण त्यात काय सांगायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ज्यांना 'तुमची जनुकं व्यायामाला वाईट' असं सांगितलं, ते ट्रेडमिलवर लवकर थकले, त्यांच्या फुप्फुसांची कामगिरीसुद्धा खाली आली. त्यांची खरी जनुकं कशीही असोत. म्हणजे 'बापावर गेला' हे वाक्य स्वतःच शरीरावर काम करतं. घरात ते वाक्य म्हणणारे जे कोणी आहेत, त्यांना बंद करायला सांगा. मुलीच्या सोयरिकीचं ज्यांनी मोडलं, त्यांना हा धागा पाठवायचा असेल तर माझी काही हरकत नाही.


रिसोडचा_गडी
मंगळवार, सकाळी ९.१५

ताई, पोराले माह्याशी बोलायचं असन तं सांगा. मंगळवारी अन् शुक्रवारी संध्याकाळी आमची बैठक असते, सोडलेल्या लोकांची, तिथून मोकळा झालो की मी फोनवर राहतो. इथे निरोपात नंबर देतो.